जागेवर नसलेलं कार्ड

पडद्याच्या डाव्या बाजूला यंत्रांची यादी असे. त्या यादीत 'दूध-१' या नावासमोर सकाळी नसलेली एक ओळ दुपारी आली होती. धोक्याचा त्रिकोण नव्हता, तांबडं चिन्ह नव्हतं. करड्या अक्षरांत एवढंच, की या यंत्राचं हार्डवेअर जुन्या आवृत्तीचं आहे आणि ते नव्या आवृत्तीपर्यंत वाढवता येईल. भरतला ते माहीत होतं. ते यंत्र त्यानेच उभं केलं होतं. तरीही ओळ वाचताना त्याला एक बारीक धक्का बसला. दवाखान्याच्या केसपेपरवर आपलं वय दुसऱ्याच्या अक्षरात लिहिलेलं दिसावं तसा. आकडा बरोबर असतो, आपणच तो सांगितलेला असतो. पण कागदावर तो आपला वाटत नाही आणि खोडताही येत नाही.

खोली पूर्वी तुपाची होती. मंचरच्या बाहेर, हायवेला लागून असलेल्या दूध संघाच्या शीतकरण केंद्रात, टाक्यांच्या मागे ही बिनखिडकीची जागा होती. तुपाचे डबे हलवले गेले, सर्व्हर आले, एसी बसला, भिंतींना ऑइलपेंट दिला गेला. तरी दार लावून अर्धा तास बसलं की तुपाचा वास परत येई. भरतने त्याचं स्पष्टीकरण शोधलेलं होतं. स्निग्ध पदार्थ प्लास्टरमध्ये मुरतात आणि भिंत तापली की त्यांतले हलके रेणू बाहेर पडतात. स्पष्टीकरण बरोबर होतं आणि वास जात नव्हता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे मान्य करायला त्याला बरीच वर्षं लागली. बाहेर कांद्याचे ट्रक गिअर बदलत जात, अमोनियाचा कॉम्प्रेसर एका सुरात घुमत राही, आणि खोलीत त्या दोन्हींचं मिळून एक कंपन उरे. ते कानाला ऐकू येत नसे. टेबलावर टेकलेल्या कोपराला कळे.

'दूध-१' हे खऱ्या अर्थाने यंत्र नव्हतं. सत्त्याण्णव साली पुण्यातल्या एका लहान कंपनीने संघासाठी एक प्रोग्रॅम लिहून दिला होता. जुन्नर आणि आंबेगावातल्या गावोगावच्या डेअऱ्यांवर जमलेलं दूध, त्याची फॅट आणि सभासदाचा नंबर त्यात जमा होई आणि दहा दिवसांनी सभासदांची बिलं निघत. कंपनी पुढे बंद पडली. प्रोग्रॅम लिहिणारे कुठे गेले ते कुणाला माहीत नव्हतं, आणि ज्या पत्र्याच्या डब्यात तो चाले त्या संगणकाचे सुटे भागही मिळेनासे झाले. तेव्हा, दोन हजार पाच साली, भरतने तो सबंध संगणक, म्हणजे त्याची डिस्क, त्याची घडण, त्याच्या सवयी, जसाच्या तसा उचलून एका मोठ्या सर्व्हरच्या पोटात ठेवला. पत्र्याचा डबा भंगारात गेला आणि आतला संगणक चालू राहिला. त्याला भोवती सॉफ्टवेअरने रचलेली खोटी डिस्क, खोटी मेमरी, खोटं नेटवर्क कार्ड दाखवलं जाई आणि तो ते खरं मानी. सुरू होताना तो फ्लॉपी शोधी. फ्लॉपीचा खाचा सबंध इमारतीत कुठे नव्हता. त्याला सांगितलं जाई, खाचा आहे, रिकामा आहे. आणि तो समाधानाने पुढे जाई. त्याच्याशी रोज सातत्याने खोटं बोलणं हे, काटेकोरपणे सांगायचं तर, भरतच्या नोकरीचं स्वरूप होतं.

ती ओळ आली त्या दिवशी, पितृपक्षाच्या सुरुवातीला, पुण्याच्या मुख्य कार्यालयातून दोन इंजिनिअर आले होते. त्यांनी सर्व्हरवरचं जुनं सॉफ्टवेअर काढून नवं घातलं. नव्या सॉफ्टवेअरवर जुनी यंत्रं चालत. त्याला हरकत नव्हती. पण नव्या सोयी जुन्या यंत्रांना लागू नव्हत्या, आणि पुण्यात बसून सगळी केंद्रं सांभाळायची जी योजना होती तीत फक्त नव्या आवृत्तीची यंत्रं घ्यायची असं ठरलं होतं. बाकी सगळी यंत्रं त्या दोघांनी एका दुपारीत नव्या आवृत्तीवर आणली. 'दूध-१'पाशी ते थांबले. त्यांतला धाकटा म्हणाला, "हे तुम्हीच करा, सर. याच्या आत काय आहे ते आम्हाला माहीत नाही." तो आदरानेच बोलला होता. भरतला मात्र त्याच क्षणी दार बाहेरून ओढून घेतल्याचा भास झाला.

कारण त्याचं जाणं या यंत्रावर अडलेलं होतं. पुण्यात एका डेटा सेंटरमध्ये त्याची निवड झाली होती. घट बसले की रुजू व्हायचं होतं. जूनमध्येच त्याची बायको प्राची श्रेयाला घेऊन पुण्याला गेली; तिची बदली कोथरूडच्या शाळेत झाली होती आणि मुलीचं पाचवीचं वर्ष तिथूनच सुरू करावं असं दोघांनी मिळून, नीट विचार करून ठरवलं होतं. संघाने राजीनामा घेताना एकच अट घातली: 'दूध-१' पुण्यातून सांभाळता येईल असं करून द्या, मग जा. अट वाजवी होती. संघाच्या जागी त्यानेही तीच घातली असती. आणि नव्या कंपनीने आधीच एकदा तारीख पुढे ढकलून दिली होती. पुन्हा देणार नाही असं त्यांनी सभ्य शब्दांत कळवलं होतं.

हे यंत्र बंद करायला वर्षातून एकच वेळ मिळे. गाय सुट्टी घेत नाही. दूध सकाळी येतं, संध्याकाळी येतं, दिवाळीलाही येतं. पण या पट्ट्यात बैलपोळा भाद्रपदात असतो, सर्वपित्री अमावास्येच्या दिवशीच. त्या दिवशी दुपारी पितरांचं पान, संध्याकाळी बैलांची मिरवणूक, आणि दूध घरातच राहतं: आधी खिरीला, मग नैवेद्याला. संध्याकाळी डेअऱ्या उघडत नाहीत. बैल आता गावात मोजके उरले होते, बऱ्याच जणांनी ट्रॅक्टरलाच झूल घालायला सुरुवात केली होती, पण डेअरी बंद ठेवण्याचा शिरस्ता तसाच होता. म्हणजे वर्षभरात यंत्राला हात लावायचा मुहूर्त नेमका त्या दिवशी येई, ज्या दिवशी कुणी नव्या कामाला हात लावत नाही. या योगायोगाची भरतला गंमत वाटे. पूर्वी अधिक वाटत असे.

अमावास्येला दुपारी तो पिंपळवंडीला घरी जाऊन आला. आईने, चिमाबाईने, वडलांचं पान वाढून पत्र्यावर ठेवलं होतं. कावळा येईपर्यंत कुणी जेवायचं नाही, म्हणून तो ओट्यावर बसून राहिला. कावळ्याचं येणं हे त्या दिवशी गावात किती पानं मांडली आहेत आणि कावळे किती आहेत यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असतं, हे त्याने एकेकाळी आईला समजावून सांगितलं होतं. ती म्हणाली होती, मग तू थोडं लांब मांड, तिथं कावळं जास्त हायेत. तिने त्याचं म्हणणं नाकारलं नव्हतं, वापरलं होतं. कोनाड्यात डेअरीच्या पावत्यांची चळत तारेला अडकवलेली होती आणि सर्वांत वरच्या, सकाळच्याच पावतीवर छापलेलं होतं: रखमाजी. वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. प्रोग्रॅममध्ये सभासदाच्या मरणासाठी रकानाच नव्हता. लिहिणाऱ्यांना तो सुचला नसावा, किंवा पुढच्या वर्षी घालू म्हणाले असतील. नाव बदलता येई, पण कुणी बदलत नसे. नंबर घराचा, नाव घरातल्या मोठ्याचं, आणि मोठा गेला तरी दूध त्याच्याच नावाने जाई. जुलैत भरतने एकदा वडलांच्या नावाची चौकट उघडली होती. अक्षरं निळी होऊन निवडली गेली. मग त्याने चौकट बंद केली. आईला विचारलं तर ती म्हणाली, "कशाला बदलतो? गायी त्यांच्याच हायेत." गोठ्यातल्या गायी तीन वर्षांपूर्वी विकत घेतलेल्या होत्या. त्याने ते दाखवून दिलं नाही.

केंद्राच्या फाटकाशी गेणभाऊ उभे होते. ते केंद्राचे व्यवस्थापक. भरतहून दहा-बारा वर्षांनी मोठे, खालच्या आळीतल्या जमीनदार घरातले, शिक्षण दहावी, पण दुधाचा नुसता वास घेऊन कॅन परत पाठवणारे. कपाळाला गुलाल लावलेला होता.

"आलात का? मला वाटलं पोळीवर ताव मारून झोपला आसाल."

"काम आहे ना आज."

"त्येच म्हनतो. आवस हाये भरतराव. पितरं खाली उतरल्यात आन तुमी मशिनीचं पोट फाडाय निघालात. उद्या घट बसतील, तवा करा की."

"उद्या सकाळी पाचला दूध येईल, गेणभाऊ."

"ते बी खरंच." ते हसले. "तुमाला काय सांगायचं म्हना. ज्यानं किलोच्या मापाला दूध पाजलं, त्याला आवस काय करती?"

पंच्याण्णव सालच्या सप्टेंबरात देशभर मूर्ती दूध पिऊ लागल्या होत्या. तोही पितृपक्षच होता. केंद्राच्या आवारातल्या मारुतीपुढे रांग लागली. शीतकरणाच्या टाकीकडचे कामगार वाट्या भरून घेऊन गेले. भरतला नोकरी लागून वर्ष झालं नव्हतं. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेला, जवळ फक्त खात्री होती. त्याने वजनकाट्यावरचं किलोचं लोखंडी माप आणलं, पुसलं, टेबलावर ठेवलं आणि त्याच्या कडेला दुधाचा चमचा टेकवला. माप दूध प्यालं. पृष्ठताण, तो म्हणाला. ओल्या पृष्ठभागाला टेकलं की द्रव ओढला जातो. मग त्याने चपलेच्या टाचेलाही पाजलं. कुणी तरी "अय" म्हणून पुढे आलं तेव्हा गेणभाऊंनीच मध्ये पडून त्याला मागे ओढलं. मंचरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकणारी प्राची दुसऱ्या दिवशी ही गोष्ट ऐकून केंद्रावर आली होती. पुढे महिन्याभराने, दिवाळीतल्या ग्रहणाच्या सकाळी, त्या दोघांनी एस.टी. स्टँडसमोर पुठ्ठ्याला भोक पाडून सूर्याची चंद्रकोर कागदावर उतरवली आणि लोकांदेखत भेळ खाल्ली. भेळ शिळी होती. त्यांना ती फार आवडली. आणि गेणभाऊ, ज्यांनी ना मूर्तीवर अविश्वास दाखवला ना मापावर, त्यांनी एक गोष्ट मात्र मनात ठेवली. चार वर्षांनी त्यांच्या सोनलचं अपेंडिक्स दुखू लागलं, डॉक्टर आजच कापायचं म्हणाले, आणि तो दिवस अमावास्येचा निघाला. घरात रडारड झाली. गेणभाऊ सायकल मारत भरतच्या खोलीवर आले आणि दारातूनच विचारलं, "आवसेला केलं तर चालंल का?" जणू भरतजवळ त्या खात्याचा अधिकार होता. "चालेल," तो म्हणाला. मुलगी बरी झाली. गेणभाऊंनी त्यानंतर एकदाही आभार मानले नाहीत, पण भरतला ते 'राव' लावू लागले.

खोलीत आल्यावर त्याने दार लावलं. क्रम त्याच्या डोक्यात पक्का होता. आधी यंत्राचा स्नॅपशॉट घ्यायचा, म्हणजे ते या क्षणी जसं आहे तसं, मेमरीतल्या अर्धवट विचारासकट, गोठवून बाजूला ठेवायचं. काही बिघडलं तर इथे परत येता येतं. मग आतली मदतनीस साधनं नव्याने बसवायची. ती आधी, हार्डवेअर नंतर, उलट केलं तर नेटवर्क हरवतं. मग यंत्र बंद करायचं आणि हार्डवेअर वाढवायचं. पडद्याने बजावलं की स्नॅपशॉटवर परत गेल्याशिवाय ही क्रिया उलटवता येत नाही, पुढे जायचं का? त्याने हो म्हटलं. वीस सेकंदांत ते झालं. चार वर्षं ज्याच्या अवतीभोवती त्याने आयुष्य रचलं होतं ते वीस सेकंदांत वर आलं, यात काही तरी प्रमाणाबाहेरचं आहे असं त्याला वाटलं. मग वाटलं, यंत्राच्या कामाचा वेळ आणि माणसाने त्याला लावलेला वेळ यांत प्रमाण असावं असा कुठला नियम आहे?

यंत्र सुरू झालं. फ्लॉपी शोधली, खाचा रिकामा सापडला. नवी डिस्क, नवं नेटवर्क कार्ड दिसू लागलं. तो जुना संगणक एकेका वस्तूची ओळख करून घेत होता, परगावच्या घरात जागा झालेल्या पाहुण्यासारखा. प्रोग्रॅम उघडला. सभासद जागेवर होते. उरलं होतं एकच: गावोगावच्या डेअऱ्या ज्या पत्त्यावर या यंत्राला शोधत, तो पत्ता नव्या कार्डाला द्यायचा. भरतने आकडे भरले आणि बटण दाबलं. एक चौकट उघडली. तुम्ही दिलेला पत्ता आधीच दुसऱ्या एका कार्डाला दिलेला आहे. ते कार्ड या संगणकात जागेवर नाही, म्हणून ते यादीत दिसत नाही. तुम्हाला वेगळा पत्ता द्यायचा आहे का?

हा दोष त्याला नवा नव्हता. खोटं का होईना, जुनं कार्ड काढलं गेलं होतं आणि त्याजागी नवं आलं होतं. पण यंत्राला काढल्याचं कुणी कळवत नाही. ते फक्त इतकंच नोंदवतं की कार्ड आज दिसलं नाही. उद्या दिसेल या हिशेबाने ते त्याचा पत्ता राखून ठेवतं. उपायही सोपा होता. एक आज्ञा द्यायची, म्हणजे लपलेली, जागेवर नसलेली साधनं यादीत फिकट अक्षरांत दिसू लागतात. त्यांतलं ते कार्ड निवडायचं आणि काढून टाकायचं. दोन मिनिटांचं काम. त्याने आज्ञा दिली. फिकट ओळी उमटल्या. ते कार्ड तिथे होतं.

तेवढ्यात प्राचीचा फोन आला. मागे श्रेया पाढे म्हणत होती, सतराचा.

"कुठवर आलं?"

"झालंय जवळजवळ. जुनं कार्ड पत्ता धरून बसलंय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे ते नाहीये, पण त्याची नोंद आहे. ती काढली की पत्ता मोकळा होईल."

"काढता येते?"

"येते."

"मग काढ ना." ती हसली. "ऐक, कपाटाचा वरचा खण रिकामा केलाय. तुझे पुस्तकांचे खोके टेम्पोत पुढे ठेवायला सांग, मागचे भिजतात. आणि सोमवारी तू येतोयस असं मी हिच्या वर्गशिक्षिकेला सांगून टाकलंय, पालकसभेला."

"बरं."

"भरत? येतोयस ना?"

"कार्ड काढलं की फोन करतो," तो म्हणाला.

फोन ठेवल्यावर खोली आहे त्याहून लहान झाल्यासारखी वाटली. ही एसीच्या आवाजातल्या बदलाने होणारी जाणीव असते. आवाज जवळ आला की भिंत जवळ आल्यासारखी वाटते. तो पुण्याच्या घरात चार रविवार राहिला होता. दुसऱ्या मजल्यावरचं, उजेडाचं, नीटनेटकं घर. तिथे त्या दोघींचं बस्तान बसलं होतं. दाराजवळच्या खिळ्यावर दोन किल्ल्या असत. त्याचा टूथब्रश प्राची प्लास्टिकच्या पिशवीत घालून फळीवर ठेवी, धूळ बसू नये म्हणून, काळजीने. सकाळी दोघी एकमेकींना ओलांडून, न धडकता, न बोलता आवरत, आणि तो चहाचा कप घेऊन कुठे उभं राहावं ते शोधत असे. कुणी त्याला बाजूला हो म्हटलं नव्हतं. त्याची जागा राखलेली होती. तो दिसत नव्हता इतकंच. इथवर आल्यावर त्याने स्वतःला थांबवलं. एका वस्तूचं दुसरीशी साम्य दिसणं याने काहीही सिद्ध होत नाही. हे वाक्य त्याने लोकांसमोर कित्येकदा उच्चारलं होतं. नेटवर्क कार्डाला मन नसतं. यंत्र कुणाची वाट पाहत नाही. पत्ता राखला जातो कारण तो पुसणारी ओळ लिहायची राहिली. हे सगळं खरं होतं, आणि फिकट अक्षरांतल्या त्या ओळीवर नेलेलं बोट तिथेच थांबलं होतं.

निवडल्यावर ओळ निळी झाली. हे साधन तुम्ही काढून टाकत आहात, नक्की?

नक्की या शब्दाकडे तो पाहत राहिला. बाहेर हलगी वाजू लागली होती, पहिले बैल हायवेपर्यंत आले असावेत. ट्रकवाले हॉर्न दाबून वाट मागत होते आणि कुणी देत नव्हतं. त्याने विचार करून पाहिला की नेमकं काय होईल. कार्ड निघेल. पत्ता नव्या कार्डाला लागेल. पुण्यातल्या त्या धाकट्या इंजिनिअरला तो फोन करेल आणि तो तिथून यंत्र आपल्या यादीत घेईल. मग या खोलीत करण्यासारखं काही उरणार नाही. प्रोग्रॅमच्या खोडी, म्हणजे तारीख एकदम पुढे सरकली की तो बिलं दुबार काढतो, एका विशिष्ट गावाचं नाव लांब पडलं की फॅटचा आकडा कापतो, हे सगळं त्याने आधीच एका पानात लिहून दिलं होतं. एका पानात मावलं होतं. ते त्याला तेव्हाही खटकलं होतं. पंधरा वर्षं आपण अडकलो आहोत असं तो सांगत आला होता, प्राचीला, स्वतःला, सासऱ्यांना. आणि अडकवणाऱ्या वस्तूची लांबी एक पान भरली होती. दार बाहेरून ओढलेलं नव्हतं. कडी आतल्या बाजूला होती, साधी, तेल दिलेली, आणि तिच्यावर त्याचंच बोट होतं.

त्याने ती चौकट बंद केली. मग स्नॅपशॉटची खिडकी उघडली आणि दुपारच्या गोठवलेल्या यंत्रावर परत जा असं सांगितलं. तिथेही विचारणा झाली: यानंतर केलेलं सगळं पुसलं जाईल, नक्की? हे त्याने लगेच केलं. नंतर त्याने कारण शोधलं. तीन सापडली, तिन्ही बरी होती आणि तिन्ही कृतीनंतर तयार झालेली होती.

हलगी थांबल्यावर गेणभाऊ आले. हातात द्रोण होता, खिरीचा; दाराशीच चपला काढून ते आत आले, या खोलीत ते नेहमी चपला काढत. पडद्याकडे पाहून त्यांना काही कळण्यासारखं नव्हतं. ते भरतकडे पाहत राहिले.

"झालं का?"

"नाही. परत जुन्यावर आणलं."

"का वो?"

भरतने तोंड उघडलं. कार्डाबद्दल दोन वाक्यांत सांगता आलं असतं. गेणभाऊंना समजलंही असतं, कारण मेलेल्याच्या नावावर काही तरी चालू राहणं ही त्यांना रोजची गोष्ट होती. मग त्यांनी विचारलं असतं, काढता येतं का? आणि येतं म्हणावं लागलं असतं.

गेणभाऊंनीच त्याला वाट करून दिली. डोळे मिचकावून, नेहमीच्या चेष्टेच्या सुरात ते म्हणाले, "आवस भोवली म्हना की राव."

ही चेष्टा ते गेली चौदा वर्षं करत आले होते, आणि तिचं उत्तरही ठरलेलं होतं; किलोचं माप, चप्पल, पृष्ठताण, काहीही. ते उत्तराची वाट पाहत होते. भरत म्हणाला, "असेल."

गेणभाऊंचा चेहरा तसाच राहिला, पण हसू त्यातून हळूहळू निघून गेलं. त्यांनी द्रोण टेबलावर ठेवला. त्यांनी एकदा पडद्याकडे आणि एकदा दाराबाहेर पाहिलं.

"चेष्टा करताय."

"नाही."

"न्हाई म्हंजी?" ते खालच्या आवाजात बोलले. "माजी सोनल तुमी चालंल म्हनला म्हनून टेबलावर झोपवली मी. आई पाय धरत व्हती माजं. तुमी चालंल म्हनला. तुमीच आसं म्हनाय लागल्यावर आमी काय म्हनायचं?"

याला काही उत्तर असेल तर ते एका खऱ्या वाक्यात होतं, आणि ते वाक्य भरतला माहीत होतं. त्याने द्रोण स्वतःकडे ओढला. गेणभाऊंनी खिशातून मोबाइल काढला, पुण्याच्या कार्यालयाचा नंबर लावला आणि भरतकडे पाठ करून बोलले. "न्हाई झालं सायेब. हां. आज आवस हाये ना, सर्वपित्री. कुनी हात लावत न्हाई." पलीकडून काही विचारलं गेलं. "हां, आता फुडल्या वर्सालाच. मधी बंद ठेवता येत न्हाई." त्या धाकट्या इंजिनिअरने खळखळ न करता ते मान्य केलं असावं, कारण फोन लगेच संपला. तांत्रिक कारण दिलं असतं तर त्याने तपशील मागितले असते.

चपला घालताना गेणभाऊ म्हणाले, "खीर खाऊन घ्या. गार झाली की घट्ट व्हती." 'राव' त्यांनी लावलं नाही. किंवा एरवीही ते दर वाक्याला लावत नसत. एका वाक्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

प्राचीचा फोन त्याने तिसऱ्यांदा वाजल्यावर घेतला.

"काढलंस ते कार्ड?"

"नाही."

तिला विचारायची गरज नव्हती. मगाशीच त्याने तिला सांगितलं होतं की काढता येतं. तरी तिने संधी दिली. "का?"

"गेणभाऊ म्हणाले, अमावास्येला..." त्याने सुरुवात केली आणि वाक्य तिथेच राहिलं. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीवर ते दोघे एकत्र उभे होते ती त्याने आता हातात घेऊन खाली ठेवल्याचं त्याला त्या शांततेत ऐकू आलं. सतराचा पाढा संपलेला होता. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"श्रेयाला काय सांगू?" प्राची म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. एखादी नोंद पूर्ण करण्यासाठी विचारावं तसं तिने विचारलं होतं.

त्याने फोन टेबलावर ठेवला. काही वेळाने फोन बंद झाल्याचं त्याला पडद्यावरच्या उजेडावरून कळलं.

'दूध-१' व्यवस्थित चालू होतं. त्याच्या कोपऱ्यातल्या घड्याळात दुपार होती. गोठवलं त्या क्षणापासून ते पुढे निघालं होतं आणि मधलं काही त्याच्यासाठी घडलेलंच नव्हतं. जुनं कार्ड जागेवर होतं. पत्ता त्याच्याकडेच होता. नावासमोर करड्या अक्षरांतली ओळ परत आली होती: हे यंत्र जुन्या आवृत्तीचं आहे, वाढवता येईल. पहाटे डेअऱ्या उघडायच्या आत घड्याळ बरोबर असणं आवश्यक होतं, आणि ते एकदम पुढे सरकवलं तर प्रोग्रॅम बिघडे. म्हणून भरतने खुर्ची जवळ ओढली, आणि एक मिनिट पुढे केलं, थांबला, मग आणखी एक मिनिट, अशा बेताने त्या दुपारला संध्याकाळपर्यंत आणायला सुरुवात केली. खोलीत तुपाचा वास येऊ लागला होता.